आईच्या खांद्याजवळचे हाड मोडले आहे : झोळी, पट्टी की कृत्रिम सांधा?

बालाघाटी | ६ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार. केज तालुक्यातील आमच्या गावी गेल्या गुरुवारी आई माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया काढून जिना उतरत होती. शेवटच्या पायरीवरून तिचा पाय निसटला आणि ती उजव्या खांद्यावर पडली. तिचे वय ७१ आहे. बारा वर्षांपासून मधुमेह असून तो गोळ्यांवर आटोक्यात आहे, आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. पडेपर्यंत ती स्वयंपाक, गोठ्याची झाडलोट आणि सुगीत ज्वारीची कणसे मोडण्यापर्यंतची कामे स्वतः करीत होती. हे मुद्दाम लिहितो, कारण "आता या वयात हाताचे काय एवढे" हे वाक्य मी चार दिवसांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याचा कंटाळा आला आहे.

एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडाचे खांद्याजवळचे टोक मोडलेले दिसते. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात झोळीत बांधून तीन आठवड्यांनी परत बोलावले आहे. लातूरला दाखवले तेव्हा आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करून हाडावर धातूची पट्टी (प्लेट) टाकावी लागेल, असे सांगण्यात आले. छत्रपती संभाजीनगरमधील तिसऱ्या डॉक्टरांनी मोबाइलवर एक्स-रे पाहून खांद्याचा "उलटा" कृत्रिम सांधा बसवावा लागण्याची शक्यता वर्तवली. एकाच फोटोवर तीन तज्ज्ञांची तीन मते कशी होतात, आणि आम्ही शेतकरी माणसांनी त्यांतले कोणते खरे धरावे?

दुसरे असे, की काल दंडाचा काळानिळा डाग कोपरापर्यंत आणि छातीच्या बाजूला उतरला आहे. हे काही बिघडल्याचे लक्षण आहे का?

---

मांजराकाठ | ६ एप्रिल, रात्री १०:३५

आमच्या वडिलांचे हेच हाड दोन वर्षांपूर्वी मोडले, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. झोळीवरच भागले. आज त्यांचा हात खांद्याच्या उंचीच्या थोडा वर जातो, धोतर नेसता येते, जेवताना घास घेता येतो, फक्त फडताळाच्या वरच्या कप्प्यातले काही काढायचे असेल तर ते नातवाला हाक मारतात. त्यांची काही तक्रार नाही. हा एका माणसाचा अनुभव आहे, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

---

तेरणेकाठचा | ६ एप्रिल, रात्री ११:१०

पट्टीच्या नादी लागण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. माझ्या थोरल्या बहिणीला (वय ६३) एका खाजगी रुग्णालयात पट्टी आणि आठ-नऊ स्क्रू टाकले. दीड महिन्याने हात हलवला की आतून कुरकुर आवाज येऊ लागला आणि वेदनेने तिची झोप उडाली. नव्या एक्स-रेमध्ये दिसले की हाडाचे डोके खाली बसले आहे आणि दोन स्क्रूंची टोके त्यातून बाहेर येऊन सांध्यात घासत आहेत. मग ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळी आम्हाला यातले काहीही सांगितले गेले नव्हते, "पट्टी टाकली की हाड पक्के" एवढेच ऐकवले होते. माझे मत स्पष्ट आहे : म्हाताऱ्या माणसाला पट्टी टाकणे म्हणजे रुग्णाचे नव्हे, रुग्णालयाचे भले.

---

संधिप्रकाश | ७ एप्रिल, सकाळी ६:४०

मी अस्थिरोग शल्यविशारद आहे आणि मराठवाड्यातच काम करतो. एक्स-रे न पाहता मी सल्ला देणार नाही, पण तीन मते का होतात ते सांगू शकतो. ती होण्यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही, हे तेरणेकाठचे मित्र मान्य करतील अशी आशा आहे.

प्रथम डागाविषयी. मोडलेल्या हाडातून झालेला रक्तस्राव गुरुत्वाकर्षणाने कातडीखालून खाली सरकतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी कोपर आणि छातीची बाजू काळीनिळी दिसणे हे नेहमीचेच आहे. बोटे गार पडणे, मनगट किंवा बोटे हलवता न येणे, अथवा खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे शिपायाच्या गणवेशावर पट्टा शिवलेला असतो तिथे, स्पर्श न कळणे ही मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची लक्षणे आहेत. त्या भागाची संवेदना सांभाळणारी नस याच हाडाच्या मानेला, म्हणजे गोल डोक्याखालच्या भागाला, वळसा घालून जाते.

आता हाड. दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडते तेव्हा ते साधारणतः जुन्या सांध्यांवरच फुटते, म्हणजे बालपणी जिथे वाढीच्या रेषा होत्या तिथे. त्यातून जास्तीत जास्त चार मुख्य तुकडे संभवतात : सांध्यातले गोल डोके, बाहेरचा मोठा उंचवटा, पुढचा लहान उंचवटा आणि खालची नळी. अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये या चार तुकड्यांवर आधारलेले वर्गीकरण मांडले आणि आम्ही अजूनही त्याच भाषेत बोलतो. एखादा तुकडा १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त कलला तरच तो "सुटा" धरायचा, असा त्यांचा नियम होता. या नियमाने पाहिले तर बहुसंख्य फ्रॅक्चर फारशी सरकलेली नसतात आणि ती झोळी व व्यायामावर बरी होतात, त्याबद्दल कोणाचाही वाद नाही. मोठ्या उंचवट्याच्या बाबतीत मात्र पुढे अनेकांनी हा नियम कडक केला, कारण त्याला हात वर उचलणारे स्नायू चिकटलेले असतात आणि तो ५ मिलिमीटर जरी वर सरकून जुळला तरी हात उचलताना वरच्या हाडाला अडतो.

वाद आहे तो सरकलेल्या फ्रॅक्चरबद्दल, आणि तोही विशेषतः साठीनंतर. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर २५० रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडाची मान मोडून सरकलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे शस्त्रक्रिया करण्यात आली आणि निम्म्यांना झोळी देण्यात आली. दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या हाताच्या वापरात दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही, आणि पाच वर्षांनीही चित्र बदलले नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी झोळी सांगितली त्यामागे हे ज्ञान असू शकते, निष्काळजीपणा असेलच असे नाही.

मग पट्टी कशासाठी? तरुणाच्या हाडात ती उत्तम काम करते. मोटारसायकलवरून पडलेल्या तिशीतल्या माणसाच्या दंडाच्या हाडाचे डोके नळीपासून निखळून कलले असेल तर ते पुन्हा जागेवर बसवून पट्टीने धरणे हाच योग्य मार्ग ठरतो. हल्लीच्या पट्टीत स्क्रूचे डोकेही पट्टीत आट्यांनी घट्ट बसते, त्यामुळे पट्टी आणि स्क्रू मिळून एक चौकट तयार होते. २००० नंतर ही पट्टी आली तेव्हा ठिसूळ हाडाचा प्रश्न सुटला असे आम्हा सर्वांना वाटले होते. घडले ते तेरणेकाठच्या मित्रांनी लिहिलेच आहे. वृद्धांच्या हाडाचे डोके आतून अंड्याच्या टरफलासारखे पोकळ झालेले असते. चौकट ताठच राहते आणि टरफल तिच्यावर खाली बसते, मग स्क्रू जागचे न हलताही सांध्यात डोकावतात. काखेच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला, हाडाला हाडाचा आधार मिळाला नसेल, किंवा त्या बाजूने वर जाणारे आधाराचे स्क्रू घातले नसतील, तर हे घडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून पट्टी सुचवणाऱ्या डॉक्टरांना "आतल्या बाजूचा आधार कसा देणार?" असे जरूर विचारावे. या प्रश्नाने चांगला शल्यविशारद रागावणार नाही.

दुसरा धोका रक्तपुरवठ्याचा आहे. हाडाच्या डोक्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या फ्रॅक्चरमध्ये तुटल्या तर डोके महिन्यांनी, कधी वर्षांनी, सुकून ढासळते. पूर्वी आम्ही पुढच्या बाजूच्या वाहिनीला सर्व श्रेय देत असू, पण २०१० मधील एका संशोधनात डोक्याचा सुमारे ६४ टक्के रक्तपुरवठा मागच्या वाहिनीकडून होतो असे आढळले, आणि चिरफाळलेली दिसणारी अनेक डोकी जिवंत कशी राहतात याचा उलगडा झाला. डोक्याला लागून राहिलेला खालचा हाडाचा तुकडा ८ मिलिमीटरपेक्षा तोकडा असेल आणि आतली कड २ मिलिमीटरहून जास्त सरकली असेल तर रक्त तुटल्याचा संशय घ्यावा, असे एक उपयोगी मोजमाप आहे.

तिसरे मत "उलट्या" सांध्याचे. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, बाह्यरुग्ण विभागाची वेळ झाली. तोवर एक काम करा : खांद्याचा सीटी स्कॅन करून घ्या. मोबाइलवर पाठवलेल्या, समोरून काढलेल्या एका एक्स-रेवरून यातले काहीही ठरवता येत नाही. निदान समोरून, खवाट्याच्या (पाठीकडच्या पसरट हाडाच्या) कडेने आणि काखेतून असे तीन एक्स-रे हवेत, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सीटी हवाच.

---

औंढ्याचा_वाटसरू | ७ एप्रिल, सकाळी ९:०५

डॉक्टरसाहेबांचा मान राखून विचारतो. आमच्या भागात हाडवैद्याकडे जाऊन चोळून, कामट्या बांधून बरे झालेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. बिनखर्चाचा हा मार्ग आधी का पाहू नये?

---

संधिप्रकाश | ७ एप्रिल, दुपारी २:२०

वाटसरूजी, त्यांपैकी बहुतेकांचे हाड न सरकलेले असणार आणि ते झोळीतही तितकेच जुळले असते. ताज्या फ्रॅक्चरवर तेल लावून चोळल्याने तुकडे सरकतात, रक्तस्राव वाढतो आणि स्नायूत नको तिथे हाड धरण्याचा धोका निर्माण होतो. कामट्या आवळून बांधल्यावर सूज वाढली तर रक्त अडते. त्यामुळे काळा पडलेला हात कापावा लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. जुळलेल्या हाडाच्या आखडलेल्या स्नायूंना पुढे कोणी हलक्या हाताने तेल लावले तर माझी हरकत नाही.

---

दुधना | ७ एप्रिल, दुपारी ४:१५

मी भौतिकोपचार तज्ज्ञ आहे आणि परभणी जिल्ह्यात काम करते. बालाघाटी दादा, उपचार कोणताही ठरो, आजपासून करायच्या काही गोष्टी आहेत आणि त्या कोणी सांगत नाही.

आईच्या उजव्या हातातील बांगड्या आणि अंगठी अजून असेल तर आजच साबण लावून काढा. सूज बोटांपर्यंत उतरली की त्या कापाव्या लागतात. सौभाग्याच्या बांगड्या काढायला बायका तयार होत नाहीत हे मला माहीत आहे. अशा वेळी डाव्या हातात जास्तीच्या भरून द्याव्यात, वाद मिटतो. बोटांच्या मुठी, मनगट आणि कोपर दर तासाला हलवत राहावे, नाहीतर खांदा बरा होईपर्यंत बोटे ताठ होतात आणि दोन दुखणी सांभाळावी लागतात. आडवे झोपल्यावर दुखते म्हणून बाजेवर उशा रचून, पाठ अर्धी उभी राहील असे झोपवावे आणि कोपराखालीही एक लहान उशी द्यावी. पोलके समोरून उघडणारे, सैल असावे. घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा.

आणि काख. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, हात छातीला चिकटून बांधलेला असतो आणि आठवड्यात काखेत जखम होते. ज्या रुग्णावर शस्त्रक्रिया करायची आहे त्याच्या काखेत घामाची जखम असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आईला पुढे वाकवून हात सैल लोंबू द्यावा, ओल्या फडक्याने काख पुसून पूर्ण कोरडी करावी आणि मध्ये सुती कापडाची घडी ठेवावी.

---

संधिप्रकाश | ७ एप्रिल, रात्री ९:३०

दुधनाताईंनी लिहिलेले माझ्या रुग्णालयात छापून लावावे असे आहे.

आता उलटा सांधा. नैसर्गिक खांद्यात गोळा दंडाच्या हाडाला असतो आणि त्याची उथळ उखळी खवाट्याला असते. गोळा उखळीत मध्यभागी धरून ठेवण्याचे काम भोवतालचे चार स्नायू करतात. नुसते डोके बदलून धातूचा गोळा बसवण्याची पद्धत नीर यांनी १९५० च्या दशकातच आणली. पण त्यात एक अडचण होती : मोडलेले दोन्ही उंचवटे धातूला शिवलेले असतात, ते जुळले नाहीत तर चारही स्नायू निकामी होतात, दुखणे कमी होते पण हात वर जात नाही. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास रचनाच उलटी केली. त्यांनी गोळा खवाट्याला बसवला आणि उखळी दंडाच्या हाडात. त्यामुळे फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली सरकतो आणि खांद्यावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, एकटाच हात उचलू शकतो. दगड उचलताना पहारीला लांब बाजू मिळाल्यासारखे ते आहे. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली, सुरुवातीला स्नायू फाटून झिजलेल्या खांद्यांसाठी. फ्रॅक्चरसाठी त्याचा वापर नंतर वाढला.

नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या, जास्त सरकलेल्या फ्रॅक्चरच्या १२४ रुग्णांत पट्टी आणि उलटा सांधा यांची थेट तुलना झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. खांद्याचे काम मोजणाऱ्या १०० गुणांच्या मापावर दोन वर्षांनी उलट्या सांध्याला सरासरी ६८ आणि पट्टीला ५४.६ गुण मिळाले. दुसऱ्या बाजूला स्पेनमधील एका लहान अभ्यासात ऐंशी ओलांडलेल्या रुग्णांत उलटा सांधा आणि झोळी यांत फरक फारच थोडा दिसला. म्हणजे साठी-सत्तरीच्या कामसू माणसाला शस्त्रक्रिया करायचीच असेल तर अनेकदा पट्टीपेक्षा उलटा सांधा बरा पडतो. करायचीच का, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

त्याच्या अटीही सांगतो. डेल्टॉइडची नस शाबूत हवी. जंतुसंसर्ग झाला तर सांधा काढण्याची वेळ येऊ शकते, म्हणून मधुमेह आधी आटोक्यात हवा. ही शस्त्रक्रिया नेहमी करणारा माणूस हवा. आणि एकदा डोके काढले की ते परत ठेवता येत नाही, त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या माणसात आम्ही शक्यतो हाडच वाचवायचा प्रयत्न करतो.

---

सीताफळ | ८ एप्रिल, सकाळी ८:२०

खर्चाच्या बाजूने थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी पांढऱ्या शिधापत्रिकेला लाभ नव्हता, पण मराठवाड्याचे आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्यामुळे येथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून तो मिळत असे. योजनेच्या विस्तारानंतर मर्यादा दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेली आहे. शिवाय आई सत्तरीच्या पुढे असल्याने आयुष्मान भारतचे वय वंदना कार्ड उत्पन्न न पाहता काढता येते. मात्र योजनेतले रुग्णालय आहे म्हणजे हीच शस्त्रक्रिया आणि हाच सांधा त्यात बसतो, असे गृहीत धरू नका. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जाऊन शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून विचारा, आणि पूर्वमंजुरी आल्यावरच तारीख घ्या.

---

बालाघाटी | ९ एप्रिल, रात्री ८:००

सर्वांचे आभार. बांगड्या निघाल्या, डावा हात आता कोपरापर्यंत भरला आहे.

सीटी काल झाला. अहवालात चार तुकडे असून डोक्याचा गोळाच उभा चिरला आहे, एक फाक पुढे आणि एक मागे सरकली आहे, असे लिहिले आहे. उखळी शाबूत आहे. साध्या एक्स-रेत यातले काहीच दिसत नव्हते. नस ठीक असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले. आम्ही घरच्यांनी मांजराकाठ यांचा आणि ब्रिटनच्या अभ्यासाचा आधार घेऊन झोळीचा निर्णय जवळजवळ केला होता. आता काय समजावे?

---

संधिप्रकाश | ९ एप्रिल, रात्री १०:१५

आता चित्र बदलले. डोके चिरणे म्हणजे सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभागच दोन फाकांत विभागला जाणे. तो तसाच जुळू दिला तर खडबडीत गोळा उखळीवर घासत राहतो. एकाहत्तराव्या वर्षी ठिसूळ हाडात त्या फाका स्क्रूंनी जुळवणे आणि त्यांचे रक्त टिकणे, दोन्ही अवघड आहे. आईची प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल आणि तिला हात कामासाठी हवा असेल, तर मी उलट्या सांध्याच्या बाजूने झुकेन. प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत माझ्या मताच्या वर धरावे.

---

तेरणेकाठचा | ९ एप्रिल, रात्री १०:५०

डॉक्टरसाहेब, परवा आपणच लिहिले की शस्त्रक्रियेने फरक पडत नाही, आणि आज शस्त्रक्रियेकडे झुकता. मग अभ्यास कशाला सांगायचा?

---

संधिप्रकाश | १० एप्रिल, सकाळी ६:५५

प्रश्न रास्त आहे. त्या अभ्यासात कोणाला घेतले आणि कोणाला गाळले, हे मी तेव्हाच लिहायला हवे होते, ती माझी चूक. सांधा निखळलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, आणि ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे लागणार असे शल्यविशारदाला वाटले तेही बाहेर ठेवले होते. जे घेतले त्यांत बहुतेकांच्या शस्त्रक्रियेत पट्टीच होती, उलटा सांधा नव्हे. म्हणजे "डॉक्टरलाही खात्री नाही" अशा रुग्णांत फरक दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिरलेल्या डोक्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्या बहिणीबद्दल मात्र आपला राग मला पटतो. धोका आधी सांगितला असता तर कदाचित तिने तोच निर्णय घेतला असता, पण तो तिचा असता.

बालाघाटी, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत उरका. तीन आठवड्यांनंतर तुकडे चुकीच्या जागी चिकटू लागतात, उंचवटे सोडवून परत शिवणे कठीण होते.

---

बालाघाटी | १८ एप्रिल, सायंकाळी ५:३०

सोमवारी, म्हणजे १३ तारखेला, संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली. आम्ही डॉक्टरांना "आपण अशा शस्त्रक्रिया किती वेळा करता?" आणि "उंचवटे परत शिवणार का?" हे दोन्ही प्रश्न विचारले. दुसऱ्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले : जाड दोऱ्यांनी दोन्ही उंचवटे सांध्याच्या दांड्याभोवती बांधतात, ते जुळले तर हात बाहेर फिरवता येतो. मानेजवळ सुई देऊन हात बधिर केला होता आणि सोबत पूर्ण भूलही दिली होती. शस्त्रक्रिया अर्धवट बसवून केली. पहिली रात्र सुन्न हातामुळे बरी गेली, दुसरी वाईट गेली. साखर दोन दिवस चढली, इन्सुलिनवर उतरली. चौथ्या दिवशी घरी सोडले.

एक अडचण आहे. आईला जमिनीवर बसून तळहाताचा रेटा देऊन उठायची सवय आहे आणि डॉक्टरांनी नेमके तेच बंद केले आहे.

---

दुधना | १८ एप्रिल, रात्री ९:१०

ते अगदी खरे आहे, आणि आपल्याकडच्या बायकांत हाच धोका सर्वांत मोठा असतो. हात पाठीमागे नेऊन, अंगाजवळ ठेवून त्याच्यावर भार दिला की उलटा सांधा निखळू शकतो. पहिले तीन महिने तिला जमिनीवर बसूच देऊ नका. बाजेची उंची कमी वाटली तर पायांखाली विटा द्या, शौचासाठी खुर्ची आणा, पाटाऐवजी स्टूल द्या. उठताना डाव्या हाताचा आधार घ्यावा. झोळी साधारण चार आठवडे राहील, पण तारीख डॉक्टरच ठरवतील. ती निघाली की आधी दुसऱ्या हाताने धरून हात उचलणे, मग स्वतः उचलणे, आणि जोर लावण्याचे व्यायाम सर्वांत शेवटी. दोरी-चाकाचा व्यायाम करायला विहिरीचा जुना रहाट पुरतो, बाजारातून काही आणू नका.

---

बालाघाटी | २१ सप्टेंबर, रात्री ९:२०

पाच महिने झाले म्हणून धागा वर आणतो. आईचा हात समोरून कानाच्या उंचीपर्यंत जातो. डोक्यावर पदर ती स्वतः घेते, ताटातले जेवण उजव्या हाताने जेवते. पाठीमागे मात्र हात कमरेच्या वर जात नाही, त्यामुळे अंबाडा सुनेला बांधावा लागतो. डॉक्टर म्हणतात की या सांध्यात पाठीमागचे फिरणे बऱ्याच जणांचे अपुरेच राहते. भाकरी थापायला जुलैत सुरुवात केली, पहिल्या दिवशी दोन, आता पाच-सहा होतात. दळणाचा डबा उचलायला बंदी आहे आणि ती बंदी ती मोडते.

एक शंका राहिली. हाडाची घनता तपासावी का? एक्स-रेत सांधा छान दिसतो, मग आणखी तपासणी कशाला, असे घरी म्हणतात.

---

संधिप्रकाश | २२ सप्टेंबर, सकाळी ६:३०

एक पायरी चुकून पडल्यावर खांदा मोडतो, याचा अर्थ बाकीची हाडेही तशीच आहेत, आणि पुढची पाळी खुब्याची असू शकते. घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, सोबत रक्तातील ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करा. हाड ठिसूळ निघाले तर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध असे पर्याय आहेत. मूत्रपिंड ठीक असल्याशिवाय ते औषध देत नाहीत, आणि दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावेत. जिन्याला कठडा बसवला का?

---

बालाघाटी | २२ सप्टेंबर, दुपारी १:४५

कठडा मे महिन्यातच बसवला. कुरडया पुढच्या वर्षी अंगणातच वाळतील, असे ठरले आहे, पण आईने अजून होकार दिलेला नाही. डेक्साची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.